टाचदुखीतून पुन्हा धावण्याकडे

प्लांटर फॅसिआयटिस या नावाने ओळखली जाणारी टाचदुखी तिच्या वेळेवरून ओळखता येते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल किंवा दुपारी तासभर बसून उठल्यानंतरचे पहिले पाऊल टेकले, की टाचेच्या आतल्या कडेला खिळा टोचावा तशी कळ येते. दहावीस पावले चालल्यावर ती ओसरते आणि माणूस कामाला लागतो. दिवसभर उभे राहणे झाले असेल, तर संध्याकाळी तीच जागा ठणकू लागते. चालल्यावर कमी होणारे दुखणे किरकोळ असणार, असा समज करून घेणे त्यामुळे फार सोपे जाते आणि बरेच लोक याच समजात दोनतीन महिने काढतात.

मी गुहागरच्या परिसरात माध्यमिक शाळेत शिकवते आणि चाळिशी उलटल्यानंतर धावू लागले. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत माझे धावणे किनाऱ्यावर होत असे. गुहागरचा किनारा लांबलचक आणि सरळ आहे आणि ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली वाळू पायाला पुरेसा आधार देते. जूनमध्ये मात्र समुद्र खवळतो, भरतीचे पाणी सुरूच्या झाडांपर्यंत येते आणि धावायला फक्त रस्ता उरतो. शृंगारतळीच्या दिशेने जाणारा रस्ता चढाचा, डांबराचा आणि कडेला उतरता आहे. त्याच उन्हाळ्यात आमच्या घरातील शेणाने सारवायची जमीन जाऊन तिथे गुळगुळीत टाइल्स आल्या होत्या. शाळा सुरू झाली आणि दिवसाचे पाचसहा तास उभे राहणेही पुन्हा आले. धावण्याचे अंतर मी वाढवलेले नव्हते. पण पायाखालची जमीन घरीदारी एकाच महिन्यात बदलली होती. उजवी टाच जुलैच्या सुरुवातीला दुखू लागली.

कोकणात दुखण्यावर सल्ल्याची वाण कधी पडत नाही. सासूबाईंनी मडक्यात जपून ठेवलेले मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे थिजलेले तेल, काढून दिले आणि म्हणाल्या, "अगो, रात्री टाचेला चोळ नि मोजे घालून नीज." टाचेच्या भेगांवर मुठेलाइतके गुणकारी माझ्या माहितीत दुसरे काही नाही आणि माझ्या भेगा खरोखरच भरून आल्या. दुखणे मात्र कातड्याच्या बरेच आत होते. शेजारच्या काकूंचे निदान युरिक ॲसिडचे होते. युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट बहुतेक वेळा अंगठ्याच्या मुळाशी येतो आणि तो सांधा लाल होऊन सुजतो, तेव्हा तो इथे बसत नव्हता. एका सहकारी शिक्षकांनी काट्यांची ॲक्युप्रेशर चप्पल आणून दिली. दुखऱ्या भागावर टोकदार दाब देणारी ही वस्तू टाचदुखीसाठी म्हणून जत्रेपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळीकडे विकली जाते, याचे मला आजही नवल वाटते.

चिपळूणला अस्थिरोगतज्ज्ञांकडे एक्स-रे काढला आणि त्यात टाचेच्या हाडाला पुढे आलेले टोक दिसले. आपल्याकडे यालाच ‘टाचेचे हाड वाढले’ असे म्हणतात आणि एकदा हे वाक्य कानावर पडले की रोगी अर्धा खचतो, कारण वाढलेले हाड व्यायामाने कसे जाणार, असा साधा प्रश्न त्याला पडतो. डॉक्टरांनी तो प्रश्न मी विचारण्यापूर्वीच निकाली काढला. टाच मुळीच न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेमध्ये असे टोक दिसते, तर टाच दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये ते नसते. त्यामुळे त्या टोकावर उपचार करायचा नसतो आणि बरे झाल्यावरही ते तिथेच राहते. दुखते ती टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखालून गेलेली जाड, चिवट पट्टी, म्हणजे प्लांटर फेशिया. नावातील ‘आयटिस’मुळे तिथे सूज असावी असे वाटते, पण जुन्या दुखण्यात सूज थोडी आणि त्या पट्टीच्या तंतूंची झीज अधिक, असे चित्र आढळते. सूज कमी करणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटून पुन्हा पहिल्यासारखे का होते, हे मला तेव्हा उमगले.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा पर्याय त्यांनी समोर ठेवला. त्याने काही आठवडे चांगला आराम पडतो, परंतु तो टिकेलच असे नाही, आणि वारंवार इंजेक्शने घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा व क्वचित ती पट्टीच फाटण्याचा धोका असतो, हेही त्यांनी सांगितले. उभे राहणेच अशक्य झालेल्या माणसाने हा पर्याय घेतला तर त्यात वावगे काही नाही. मला शाळेत उभे राहता येत होते, म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि त्यांच्याच चिठ्ठीवर फिजिओथेरपिस्टकडे गेले.

या बाई वयाने माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. टाचेला हात लावण्याआधी त्यांनी माझी पादत्राणे उलटी करून तळ पाहिले आणि घरातील जमीन कशाची आहे, हे विचारले. मग टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली. तशा दाबाने कळ आली तर टाचेच्या हाडाला बारीक तडा गेल्याचा संशय घ्यावा लागतो. मला ती आली नाही. टाचेच्या बरोबर मधोमध दुखत असेल तर चरबीच्या गादीचे दुखणे असू शकते, मुंग्या येत असतील किंवा जळजळ होत असेल तर दबलेल्या नसेचे. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी पाठही बराच वेळ आखडलेली राहत असेल, तर संधिवाताच्या एका प्रकाराची तपासणी करावी लागते. हे सर्व वगळल्यावर त्यांनी माझ्या पायाचा अंगठा वर ओढून स्वतःच्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या आतल्या कडेची एकच जागा दाबली आणि सकाळची कळ दुपारी त्या टेबलावर जशीच्या तशी उभी राहिली.

अंगठा वर ओढण्यामागचे कारण त्यांनी समजावले. पायाची बोटे वर वळली की तळपायाची पट्टी ताणली जाते आणि पायाची कमान उचलली जाऊन घट्ट होते. चालताना टाच उचलून पुढे रेटा देतो त्या क्षणी प्रत्येक पावलाला हे घडते. म्हणजे ही पट्टी दिवसभरात हजारो वेळा ताण घेण्यासाठीच बनलेली आहे. तिची सोसण्याची ताकद आणि तिच्यावर येणारा ताण यांचा मेळ बिघडला की ती दुखते. त्यानंतर मला भिंतीकडे तोंड करून उभे केले. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल मागे मागे न्यायचे. पायाच्या बोटापासून भिंतीपर्यंतचे अंतर साधारण दहा सेंटीमीटर भरले तर घोटा पुरेसा वाकतो असे समजतात. माझा डावा पाय तिथवर पोहोचला, उजवा निम्म्यावरच अडला. आखडलेली पोटरी घोट्याला वाकू देत नाही आणि तो भार तळपायावर येतो. चढाच्या रस्त्यावर तर घोट्याला अधिकच वाकावे लागते.

"मॅडम, पूर्ण विश्रांती घेतलीत तर दुखणं थांबेल, पण पट्टी आणखी कमकुवत होईल. मग धावायला लागलात की परत दुखेल," असे त्या म्हणाल्या. माझ्या उपचाराचे सूत्र या वाक्यात होते आणि ते माझ्या आजूबाजूच्या प्रत्येक सल्ल्याच्या विरुद्ध होते. धावणे काही काळ बंद, चालणे सोसेल तेवढे आणि पट्टीला मोजून काम.

पहिले दोन आठवडे साधे ताण देण्याचे व्यायाम होते. अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, बोटे हाताने नडगीकडे ओढायची आणि दहापर्यंत मोजून सोडायची, असे दहा वेळा. ओढलेल्या स्थितीत दुसऱ्या हाताने तळपाय चाचपला तर दोरीसारखी ताठ झालेली पट्टी बोटांना लागते. ती लागली म्हणजे ताण योग्य जागी पडत आहे. हा व्यायाम दिवसातून तीन वेळा करायचा असला, तरी सकाळचा, पाऊल टेकण्याआधीचा, अजिबात चुकवायचा नाही. पोटरीचा ताण भिंतीला हात टेकून, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत आणि आतला स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. सकाळची कळ या काळातच निम्म्यावर आली.

मुख्य काम त्यानंतरचे. २०१४ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी ४८ रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पायरीच्या कडेवर एका पायाने उभे राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाच सावकाश उचलण्याचा व्यायाम एक दिवसाआड करणाऱ्यांना तीन महिन्यांच्या टप्प्यावर केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा बराच अधिक आराम पडलेला होता. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारख्याच स्थितीत होते, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते सांगायला हवे. हा व्यायाम लवकर गुण देतो, चमत्कार करत नाही. आमच्या घराच्या मागे आगरात उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या आहेत. त्यांतील सर्वांत वरच्या पायरीवर, दाराची चौकट धरून, मी तो सुरू केला. तीन सेकंद वर जायला, दोन सेकंद वर थांबायचे, तीन सेकंद खाली यायला. बाराव्या खेपेला पाय थकून थांबावा इतका भार हवा आणि असे तीन फेरे. दोन आठवड्यांनी पाठीवर दप्तर घेऊन त्यात पुस्तके भरायची आणि खेपा दहावर आणून फेरे चार करायचे. पुढे आठ खेपा, पाच फेरे. वजन वाढते, खेपा कमी होतात. दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे या कामाला फार सोयीचे पडले.

व्यायाम करताना थोडे दुखते आणि तिथेच बहुतेक लोक तो सोडतात. त्यासाठी मला दिलेली कसोटी सोपी होती. दुखणे दहापैकी तीनचारच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले पाऊल आदल्या सकाळपेक्षा अधिक दुखू नये. दोन्ही अटी पाळल्या जात असतील तर पुढे जायचे, नाहीतर भार एक पायरी कमी करायचा. सकाळच्या कळेला मी रोज गुण देऊन कॅलेंडरवर लिहीत असे. आठवड्या-आठवड्याने पाहिले तर आकडा उतरत होता. दिवसादिवसाने पाहिले तर मन खट्टू होण्याची पुरती सोय होती.

घरात पायताण घालणे हा उपचारातील सर्वांत अवघड भाग ठरला. टणक जमिनीवर अनवाणी वावरायचे नाही, असा फिजिओथेरपिस्टचा आग्रह होता आणि आमच्या घरात वहाणा ओटीच्या अलीकडे येत नाहीत. अखेर घरापुरती वेगळी, बाहेर कधीही न गेलेली, टाचेला उंच आणि कमानीला आधार असलेली मऊ चप्पल आणली. स्वयंपाकघरापर्यंत तिला परवानगी मिळाली, देवघराच्या उंबऱ्याशी ती थांबली. बाजारात मिळणारे तयार इनसोल आणि मापाने बनवून घेतलेले महागडे इनसोल यांच्या गुणात दीर्घकाळात फारसा फरक आढळलेला नाही, म्हणून शाळेच्या सँडलसाठी मी तयारच घेतले. संध्याकाळी ठणका लागला तर फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली दहा मिनिटे तळपायाखाली फिरवायची. याने बरे वाटते, बरे होत नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फ आणि गरम पाण्याचा शेक दोन्ही टाळावेत, कारण कातडी भाजल्याचे किंवा गारठल्याचे त्यांना कळतच नाही.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला, तोवर मी अर्धा तास न दुखता भरभर चालू शकत होते आणि दुखऱ्या पायावर उभी राहून टाच वीसबावीस वेळा उचलू शकत होते. धावण्याची सुरुवात एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशी झाली, तीही एक दिवसाआड. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, हा नियम धावणाऱ्यांत सर्वत्र सांगितला जातो. २००८ साली नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंवर त्याची चाचणी झाली, तेव्हा हळूहळू वाढवणाऱ्या आणि नेहमीच्या पद्धतीने वाढवणाऱ्या दोन्ही गटांत सुमारे वीस टक्के लोकांना दुखापत झाली. त्यामुळे मी टक्केवारीपेक्षा सकाळच्या पावलावर अधिक विश्वास ठेवला.

किनाऱ्यावर परतताना वाळूचा विचार करावा लागला. कोरड्या, भुसभुशीत वाळूत धावायला टणक जमिनीच्या सुमारे दीडपटीहून अधिक शक्ती खर्च होते, टाच खोल रुतते आणि पोटरीवर भलताच ताण येतो. ‘वाळू मऊ, म्हणून पायाला चांगली’ हे दुखऱ्या टाचेच्या बाबतीत खरे नाही. भरतीच्या वेळी धावायला उरतो तो किनाऱ्याचा उतरता भाग, जिथे समुद्राकडचा पाय सतत खाली आणि जमिनीकडचा वर पडतो. हवी असते ती ओहोटीने उघडी पडलेली सपाट, ओली वाळू, आणि ती कधी मिळेल हे आमच्याकडे तिथीवरून कळते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, तेव्हा सकाळचे धावणे होत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी अकरा-बाराला, म्हणजे पहाटे पाचसहाला ओहोटी आणि किनारा मोकळा. माझे धावण्याचे दिवस त्यामुळे वारावर ठरत नाहीत. ज्या आठवड्यात ओहोटी साधत नाही तो आठवडा पायरीवरच्या व्यायामाचा आणि चालण्याचा, आणि टाचेला अधूनमधून असा हलका आठवडा मानवतो. अनवाणी धावणे मी घेतलेले नाही. ज्यांना लहानपणापासून सवय आहे त्यांची गोष्ट वेगळी.

किनाऱ्यावर सकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते, जाहिरात निघाली की तयारीला थोडेच महिने मिळतात आणि पायात बहुधा पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट असतात. त्यांच्यातील बहुतेकांची तक्रार नडगीची असते. नडगीच्या आतल्या कडेला चारपाच बोटांच्या लांबीत पसरलेले, धावताना सुरू होणारे दुखणे म्हणजे शिन स्प्लिंट्स. धावणे निम्म्यावर आणले, पावले किंचित छोटी आणि जलद टाकली आणि पोटऱ्या बळकट केल्या की ते बहुधा आवरते. आमच्या शाळेतून बारावी झालेल्या एका मुलीची नडगी मात्र वेगळी होती. तिला दुखरी जागा दाखवायला सांगितली, तर तिने एक बोट एका बिंदूवर टेकवले. रात्री पडल्यावरही ठणकत होते आणि त्या पायावर एकदा लंगडी घालताच ती कळवळली. ही लक्षणे हाडाला तडा गेल्याची असतात. तिचा पहिला एक्स-रे स्वच्छ आला आणि घरचे निर्धास्त झाले. ताणाने पडणारा तडा पहिले दोनतीन आठवडे एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये तो दिसला. तिला मी आणखी एक प्रश्न एकटीला गाठून विचारला आणि पाळी कित्येक महिन्यांत आलेली नाही, असे कळले. वजन कमी व्हावे म्हणून ती रात्रीचे जेवण सोडत होती. शरीराला खर्चाएवढे अन्न मिळाले नाही की पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होतात, हे मुलींना कोणी सांगत नाही आणि मैदानावर शिकवणारे बहुतेक पुरुष हा विषय काढत नाहीत. तिची ती भरती हुकली. पुढच्या भरतीसाठी ती तयारी करते आहे, जेवून.

अकिलिस टेंडनचे, म्हणजे टाचेच्या मागच्या शिरेचे दुखणे माझ्या एका सहकाऱ्याला झाले. त्यावरही पायरीचाच व्यायाम लागला, पण तो टाच सावकाश खाली सोडण्याचा. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीत तो दिवसातून दोनदा, बारा आठवडे करायचा असतो. दुखणे शीर हाडाला चिकटते त्या खालच्या टोकाशीच असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये. दुखण्याची जागा दोन बोटांनी सरकली की व्यायाम बदलतो, म्हणून मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून सुरू करण्याआधी एकदा जाणत्या माणसाने पाय हातात घेऊन पाहणे मला आवश्यक वाटते. टाच किंवा पोटरीत ‘फट्’ असा आवाज होऊन पाय टेकता न येणे, सूज व ताप, बधिरपणा, रात्रीचे ठणकणे, यांपैकी काही असेल तर व्यायामाच्या आधी डॉक्टर.

माझी टाच पूर्ण दुखेनाशी व्हायला वर्षाचा बहुतेक भाग गेला. या दुखण्यात तो नेहमीचाच हिशेब आहे आणि शस्त्रक्रियेपर्यंत फार थोड्यांना जावे लागते. पायरीवरचा व्यायाम आता आठवड्यातून दोनदा चालू आहे. मोठा बदल आहे तो मे महिन्यात. पूर्वी पाऊस लागला की किनारा सोडून एकदम रस्त्यावर जात असे. आता अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आठवड्यातला एक दिवस डांबराला देते, मेअखेरीस दोन, आणि चढ अगदी शेवटी. पावसासाठी बुटांचे दोन जोड लागतात, कारण वर्तमानपत्राचे बोळे कोंबूनही एक जोड दोन दिवसांत वाळत नाही आणि ओल्या बुटांत धावले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रस्त्यावर पाणी साचलेले असेल आणि टाचेला भेग असेल, तर त्या दिवशी धावणे नाही. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात आणि त्याचे जंतू अशाच भेगांतून शिरतात. मुठेल त्यासाठी अजूनही रोज रात्री लावते.